आठ गाण्यांचे ठोके

रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती कशाची, असं विचारलं की लोक परस्पर उत्तर देतात, लाइट जाण्याची. लाइट गेलेली निदान कळते तरी. खरी धास्ती असते न कळणाऱ्या चुकीची. गायक जीव तोडून गातोय, तुम्ही काचेमागे मान डोलावताय, आणि टेपवर भलतंच काही उतरतंय. ते कळतं दोन दिवसांनी, आणि तोवर गायक आपल्या गावी पोचून शेतावर गेलेला असतो.

मी मुळातच भित्रा माणूस. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन ओढून बघणारा. बायको म्हणायची, "त्या कुलपालेच आता शंका यायची!" असल्या माणसानं हा धंदा करायला नको होता. पण तीस वर्षं मी रायपुरात हाच केला. आमचे कोणी पूर्वज भोसल्यांच्या वेळी इकडे आले ते इथलेच झाले. आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि पोट माझं भरलं छत्तीसगढी गाण्यांवर.

स्टुडिओ समता कॉलनीत होता, एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, त्यावर जुने पडदे. डॉक्टरांशी करार असा की ढोल, ताशा, जे काही दणदणीत असेल ते दवाखाना बंद असताना, दुपारी एक ते पाच. बाकी वेळात वर भजन चालायचं आणि खाली खोकला. एका भजनात तो खोकला आलाही आहे. गायकाला वाटलं, कोरस आहे.

गिऱ्हाइकं एकेक. गोल बाजारातले एक भांडीवाले शेठ जाहिरात करायला आले, बरोबर हातगाडीभर ताटं. म्हणाले, "आवाज मेरे ही बर्तन का होना चाहिए." चाळीस ताटं आम्ही एकेक करून वाजवली. शेवटी जे निवडलं ते माझ्या डब्याचं झाकण होतं. शेठ खूश, "देखा, असली माल!" मी गप्प राहिलो. गप्प राहण्याची सवय मला अशा लहानसहान गोष्टींतून लागली असावी. निवडणुकीत एकाच दिवशी एकाच चालीवर दोन उमेदवारांची गाणी केली. एकाला सकाळी बोलावलं, दुसऱ्याला चार वाजता, आणि मधल्या वेळात जिन्याकडे बघत बसलो. दोघं जिन्यात भेटले असते तर माझं काही खरं नव्हतं.

पण जास्त काम असे जसगीतांचं. नवरात्रात देवीपुढे म्हणायची ही गाणी. पट्टी उंच, आणि गायक बहुतेक साठीच्या पुढचे. वरचा सूर लागत नसे. त्यावर आम्हा लोकांची एक युक्ती होती, ती सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझं मशीन जुनं, मोठ्या चकत्यांचं, आठ ट्रॅकचं. म्हणजे आठ माणसांचे आवाज वेगवेगळे धरून ठेवणारं. त्याला करंगळीच्या पेराएवढं एक बटण होतं, टेपचा वेग थोडा कमी-जास्त करणारं. गायकाला सूर लागत नसला की मी ते बटण किंचित डावीकडे फिरवायचो. टेप हळू चाले, तिच्यावर आधीच घेतलेले बाजा-मांदर, म्हणजे पेटी आणि ढोल, खाली उतरत, म्हातारबुवा आरामात गात. नंतर बटण मधोमध आणून टेप नेहमीच्या वेगानं लावली की आवाज आपोआप वर चढलेला, कोवळा, टवटवीत. आमचे बिसाहू राम सत्तरीचे होते, कॅसेटवर चाळिशीचे वाटत. आपला आवाज ऐकून ते दरवेळी म्हणत, "हव भैया, देवी की कृपा." मी म्हणे, हो, देवीचीच.

राज्य नवीन झालं त्या सुमाराची गोष्ट. रायपूर राजधानी झालं होतं. सरकारी कचेऱ्यांवरच्या पाट्यांतून मध्य प्रदेश पुसून छत्तीसगढ लिहायचं काम जिकडेतिकडे चालू होतं. पेंटर मिळेनात. दुसरीकडे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणारे दोन नवे स्टुडिओ शहरात उघडले. लोक मला विचारू लागले, "भैया, अभी भी वही चक्का चला रहे हो?" नव्या सरकारची काही कामं मिळतील अशी आशा होती आणि ती त्या नव्या स्टुडिओंकडे जातील अशी भीती. त्या वर्षी माझी झोप कमी झाली आणि आम्लपित्त वाढलं.

त्यातच डॉक्टरांचा मुलगा सौरभ वर आला. त्याचा रॉक बँड होता. चार पोरं: सौरभ गायचा आणि गिटार वाजवायचा, आणखी दोघे गिटारवाले, आणि ड्रम्सवर हेमंत निखाडे. आठ गाण्यांचा आल्बम करायचा म्हणाला. नाव ठरलेलं, 'नक्शा'. एक गाणं त्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरवर होतं, एक नव्या रस्त्यासाठी कापलेल्या झाडांवर. 'दोपहर' नावाचं एक संथ गाणं होतं, त्यात ड्रम्सवर काठ्यांऐवजी तारेचे झाडूसारखे ब्रश फिरवायचे. मला रॉकमधलं काही कळत नव्हतं. 'दोपहर' मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

हेमंत आपला, मराठी. वडील शामराव रेल्वेच्या मालधक्क्यावर, घर गुढियारीत. मूळचे भंडाऱ्याकडचे. पोरगा रेल्वेच्या परीक्षेत पास होऊन बसला होता, बोलावणं कधीही येणार होतं. आणि बँड पुण्याला जायचा बेत करत होता, वर्षभर राहून नशीब काढायला. बापलेकांत एक करार झाला होता, तो शामरावांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. "भाऊ, मले काही हे धडामधूम समजत नाही. पण मी त्याले म्हटलं, ही कॅसेट नीट होऊ दे. तुझा हात पक्का आहे असं चार जाणते म्हणाले, तर जा पुण्याले एक वर्ष. नाही म्हणाले, तर नोकरीवर हजर हो, मंग कुरकुर नाही."

त्या चार जाणत्यांत मी एक होतो.

आल्बम असा बनतो: आधी ड्रम्स. घराचा पाया म्हणा. ते आठही गाण्यांसाठी टेपवर घ्यायचे, मग त्यावर गिटार, शेवटी गाणं. शनिवार-रविवार दुपारी आम्ही हेमंतचे ड्रम्स घेतले. सौरभ समोर बसून स्पीकरला न जोडलेली गिटार वाजवून त्याला नुसतं दाखवत होता, ती टेपवर नव्हती. टेपवर फक्त ठोके. पोरानं दोन दिवसांत आठ गाणी वाजवली. हाडकुळा, कपाळावर घाम, प्रत्येक गाण्यानंतर काचेतून माझ्याकडे बघायचा. आम्ही लगेच लावून ऐकलं. सगळं व्यवस्थित. सौरभनं त्याला मिठी मारली.

आता माझी चूक. शुक्रवारी बिसाहू राम आले होते. त्यांच्या दोन ओळी राहिल्या आणि त्यांना बस पकडायची होती, म्हणून ते सोमवारी परत येणार होते. सोमवारी तोच सूर जुळावा म्हणून मी बटण डावीकडेच ठेवलं. मुद्दाम. विसरू नये म्हणून त्याला चिकटपट्टीही लावली. मधे शनिवार-रविवार ही पोरं येणार आहेत, हे माझ्या डोक्यात होतं. पण बटण आणि पोरं ह्या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. कुलूप दोनदा ओढणारा माणूस मी!

तर हेमंतचे आठही ड्रम्स हळू चालणाऱ्या टेपवर घेतले गेले. त्याच वेगानं ऐकले तेव्हा बरोबरच वाटणार. सोमवारी बिसाहू राम आले, दोन ओळी गाऊन गेले, मी पट्टी काढली आणि बटण मधोमध आणलं. मंगळवारी बँड गिटारसाठी आला, आणि टेप नेहमीच्या वेगानं धावू लागली.

सौरभ दोन मिनिटांत थांबला. "अंकल, ये तो भाग रहा है."

दुसरं गाणं लावलं. तेही. तिसऱ्यात तर त्याचे शब्दच तोंडात मावेनात. त्याच्याकडे ताल मोजायचं टिकटिक करणारं एक छोटं यंत्र होतं, ते त्यानं टेपशेजारी धरलं. सरावात जो वेग ठरला होता त्याच्या पुढे प्रत्येक गाणं.

हेमंत पांढराफटक पडला. "परवा तर बराबर होतं ना, काका? आपण ऐकलं होतं ना?"

"परसों सब जोश में थे, किसी को पता नहीं चला," सौरभ म्हणाला. "तू नर्वस होता है तो तेरा हाथ भागता है. पहले भी बोला है मैंने."

हेमंतनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "होतं असं. उत्साहात हात पळतो." हे मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटलं होतं. ह्या एका वाक्याची मी स्वतःला माफी दिली आहे.

सौरभनं तिथेच सांगितलं की भिलाईहून दुसरा ड्रमर बोलवू, ड्रम्स परत घेऊ, पुण्यालाही तोच येईल. शामराव बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. ते पोराला रोज स्कूटरवर आणून सोडत आणि संपेपर्यंत थांबत. दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं. हेमंत त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि दोघं जिना उतरले.

बुधवारी दुपारी मी एकटाच होतो. मनाला चैन पडेना. आठही गाण्यांत? 'दोपहर'मध्येसुद्धा? ते गाणं तर पोरगा डोळे मिटून वाजवत होता. मी स्टॉपवॉच घेतलं आणि एकेक गाणं मोजायला बसलो. सौरभच्या कागदावर ठरलेला वेग लिहिलेला होता. पहिलं गाणं जितक्या पटीनं पुढे, तितक्याच पटीनं दुसरं. तितक्याच पटीनं तिसरं. आठवं मोजून होईपर्यंत तोच आकडा. घाबरलेल्या माणसाचा हात कधी पळतो, कधी अडखळतो. आठ गाण्यांत एकसारखा पळत नाही. एकसारखं फक्त मशीन चुकतं.

मी बटण डावीकडे, चिकटपट्टीच्या चिकट खुणेवर आणलं. 'दोपहर' लावलं. ते होतं तसं होतं, ठरलेल्या वेगात केसाचाही फरक नाही.

लगेच खाली जाऊन फोन करायला हवा होता. मी खुर्चीत बसून राहिलो. डोळ्यांपुढे काय काय आलं, ते लपवण्यात आता अर्थ नाही. सौरभ डॉक्टरांचा मुलगा, जागा डॉक्टरांची. त्या मुलाच्या तोंडून ही गोष्ट गावभर होणार: म्हाताऱ्यानं जसगीताच्या वेगावर रॉक घेतलं आणि दोन दिवस त्याला पत्ता नाही. नवे स्टुडिओवाले पोट धरून हसणार. आणि सगळ्यांना कळणार की बिसाहू रामांचा चाळिशीचा आवाज देवीनं नाही, मी देत होतो. मी ठरवलं, उद्या सांगू. जरा शब्द जुळवून.

गुरुवारी दहाच्या सुमारास शामराव आले. एकटेच. बूट बाहेर काढून आत आले. स्टुडिओत कुणी बूट काढत नसे.

"भाऊ," ते म्हणाले, "पोट्टा दोन दिवसांपासून जेवून नाही राहिला. म्हणते, मी खराब वाजवलं. रेल्वेचं बोलावणं काल आलं. हजर व्हायचं का नाही, आज सांगावं लागते. मी अडाणी माणूस. तुम्ही जन्मभर हेच करून राहिले. मले खरं सांगा, त्याचा हात पळते का?"

मी त्यांच्या मोज्यांकडे बघत होतो. सांगायचे शब्द अगदी ओठांवर होते. आणि खालून डॉक्टरांचा आवाज आला, कंपाउंडरला काही तरी सांगत होते.

"थोडा पळतो," मी म्हणालो.

शामरावांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलं," म्हणाले. "उगाच एक वर्ष गेलं असतं पोट्ट्याचं." मला नमस्कार करून गेले.

शुक्रवारी बँड आला तेव्हा मी सौरभला म्हणालो, दुसरा ड्रमर बोलवायची गरज नाही, मी रात्रंदिवस खपून ड्रम्सचा वेग आणला जागेवर. टेप लावली. पोरं वेडी झाली. "अंकल, आप तो जादूगर हो!" मी बटण त्याच खुणेवर ठेवून गिटारी घेतल्या, गाणी घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभरात कॅसेट निघाली. ड्रम्सपुढे नाव भिलाईच्या पोराचं, कारण हेमंत नोकरीवर हजर झाला होता आणि आता कार्यक्रमात ते पोर वाजवणार होतं. आणि खाली आभार: बिघडलेले ड्रम्स सुधारून देणाऱ्या आमच्या अंकलना सलाम.

कॅसेट इकडे थोडीफार चालली. पुण्यात काही झालं नाही, वर्षाच्या आत बँड मोडला. मी मनाशी म्हणत असे, बघ, पोरगा वाचलाच. पक्की नोकरी, हक्काचं घर. पण बाजारात मागून कुणी "काका" म्हटलं की मी मागे न बघता चालत राहायचो. चोराच्या मनात चांदणं. गुढियारीकडून जायचं काम असलं तर मी लांबून वळसा घालायचो. शामराव गेल्याचं कळलं तेव्हा घरातून निघालो, चौकापर्यंत गेलो आणि परत आलो.

स्टुडिओ बंद केला, बायको गेली, मी रिकामा झालो. मागच्या वर्षी पुतणीच्या मुलीनं फोनवर मला काही तरी ऐकवलं. "नानाजी, ये आपने रेकॉर्ड किया था ना?" कुणीतरी 'नक्शा' इंटरनेटवर टाकला होता. खाली लोकांनी लिहिलेलं ती वाचून दाखवत होती. गाण्यांबद्दल थोडं, आणि बहुतेक सगळं ड्रम्सबद्दल. कोण हा? केवढा संयम आहे हातात. 'दोपहर'मधले ब्रश ऐका. आणि उत्तरादाखल कुणीतरी भिलाईच्या पोराचं नाव दिलं होतं.

मी तिला म्हणालो, "मला गुढियारीला सोड."

हेमंत आता पन्नाशीकडे आलाय. टक्कल पडलंय, चष्मा आहे. त्यानं मला ओळखलं, आत बसवलं. त्याची आई पलंगावर लसूण सोलत बसली होती. मी चहा येण्याआधीच सांगून टाकलं, कारण चहानंतर माझी हिंमत गेली असती. बटण, बिसाहू राम, चिकटपट्टी, स्टॉपवॉच, सगळं. मग फोनवर 'दोपहर' लावलं.

त्यानं ते कधीच ऐकलं नव्हतं. त्याला वाटत होतं, मी मशीननं बनवलेले ठोके आहेत ते. आपले नाहीत. त्यानं पूर्ण गाणं ऐकलं.

"हे मी वाजवलं?"

"तूच. आठही. मी काहीही सुधारलं नाही."

मी त्याला वाटेल ते बोल म्हणालो, शिव्या दे. त्यानं वेगळंच विचारलं.

"काका, तुम्हाले हे कोणत्या दिवशी समजलं?"

"बुधवारी."

"अन् बाबा कोणत्या दिवशी आले होते?"

मला वाटलं होतं, हे त्याला माहीत नसेल. शामरावांनी त्याला सांगितलं होतं. मी काय म्हणालो तेही.

"गुरुवारी," मी म्हणालो.

आईचे लसणावरचे हात थांबले. हेमंत उठला, खिडकीशी गेला, परत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "नोकरीचं काही नाही काका," तो म्हणाला. "नोकरी चांगली झाली. पोट्ट्या शिकल्या. पण बाबा मरेपर्यंत म्हणत, माझ्या पोराचा हात थोडा पळते. प्रेमानंच म्हणत. पाहुणे आले की सांगत. काहून नाही आले तुम्ही? ते होते तोपर्यंत एकदा तरी काहून नाही आले?"

 

निघताना मी विचारलं, आता काय करू? तो चष्मा पुसत म्हणाला, "आईले आत्ता समजलं. बाकीच्यांले कोण सांगन? तुम्ही इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहिता ना? बाबांचे सारे लोक वाचतात तो. तिथं लिहा. माझं पुरं नाव घाला, बाबांच्या नावासकट."

आईनं पहिल्यांदाच मान वर केली. "अन् गुरुवारचं गाळू नका," त्या म्हणाल्या.

म्हणून लिहितो. 'नक्शा' आल्बममधल्या आठही गाण्यांचे ड्रम्स हेमंत शामराव निखाडे, राहणार गुढियारी, रायपूर, यांनी वाजवले आहेत. त्यांचा हात पळत नव्हता. शामरावजींनी गुरुवारी मला विचारलं, तेव्हा मला ते माहीत होतं.